बीपी दर वेळी वेगळं येतंय? आधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

हृदयरोगाच्या ओपीडीत डॉक्टरांच्या आधी पेशंट माझ्या टेबलाशी येऊन बसतो. हातात वही असते आणि तक्रार ठरलेली: "सिस्टर, बीपी सारखं वर-खाली होतंय. काल रात्री एकशे अडुसष्ट, आज सकाळी एकशे अठ्ठावीस. गोळी लागू पडत नाहीये का?"

या तक्रारीचा माग काढण्याचा एक क्रम आहे. पुष्कळदा उत्तर पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच सापडतं, तेही फुकटात. पण सगळं नीट करूनही चढउतार उरला, तर तो खरा असतो. मेंदू, हृदय आणि किडनी या तिघांवर त्याचा भार पडतो. "वय झालं, आता व्हायचंच" म्हणून तो सोडून द्यायचा नाही.

तक्रार कोणत्या रूपात येते

- पाठोपाठ तीनदा मोजलं, तर वरच्या आकड्यात १५-२० चा फरक.
- घरी १३० आणि दवाखान्यात १६०, किंवा नेमकं उलटं.
- पहाटे-सकाळी खूप जास्त, दुपारी एकदम कमी.
- बसून मोजलं तर जास्त, पण उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी.
- दर महिन्याच्या तपासणीला नवाच आकडा. एकदा १२८, पुढच्या वेळी १५८, मग १३६.

शेवटचं रूप सगळ्यांत कमी लोक बोलून दाखवतात, कारण दोन आकड्यांमध्ये महिना गेलेला असतो. अभ्यासकांनी धोक्याशी जोडलेला चढउतार बराचसा हाच आहे. त्याबद्दल शेवटी सांगते.

बीपी एका आकड्यावर खिळून राहत नाही, हेही आधीच लक्षात घ्या. ते प्रत्येक ठोक्याला थोडं बदलतं. झोपेत साधारण १० ते २० टक्के खाली येतं, जिना चढला की वर जातं, थंडीत उन्हाळ्यापेक्षा थोडं जास्त राहतं. पहिल्यांदा १३२ आणि मिनिटभराने १२४ आलं, तर काहीही बिघडलेलं नाही.

हे असेल तर पुढचं वाचत बसू नका

छातीत दुखणं किंवा दाब, दम लागणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, एका हाता-पायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं, कधी नव्हे इतकं भयंकर डोकं दुखणं. यातलं काहीही असेल तर बीपी किती आहे ते पाहू नका, १०८ ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातला बराच वेळ "थोडं पडून राहा, बरं वाटेल" यात जातो. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते मात्र लक्षात ठेवा. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो.

आकडा १८०/१२० च्या वर आहे पण त्रास काहीच नाही, अशा वेळी पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. शेजारच्यांनी सांगितलं म्हणून जिभेखाली गोळी फोडू नका. निफेडिपिनची कॅप्सूल अशी देण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. त्याने बीपी इतक्या झपाट्याने खाली येतं की मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठाच तुटू शकतो, म्हणून ती मागे पडली. घराघरातून मात्र ती अजून गेलेली नाही, आणि ते ऐकलं की मला आजही धस्स होतं.

पहिली तपासणी: तुम्ही कसे बसता

यात खर्च काही नाही आणि दोष सगळ्यात जास्त वेळा इथेच निघतो. आपल्याकडे बीपी मोजतात ते दिवाणाच्या काठावर, पाठीला टेकू नाही, हात मांडीवर, समोर मालिका चालू आणि नातू मशीनचं बटण दाबायला उत्सुक.

हात हृदयाच्या उंचीवर हवा. दंडावरचा पट्टा हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली राहिला, तर तेवढ्या उंचीच्या रक्ताचं वजन मोजमापात मिळतं आणि आकडा ७-८ ने वाढतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२४ साली हेच तपासलं. टेबलावर आधार दिलेल्या हाताच्या तुलनेत, मांडीवर ठेवलेल्या हाताने वरचं बीपी सुमारे ४ ने आणि बाजूला लोंबत्या हाताने सुमारे साडेसहाने जास्त दाखवलं. म्हणजे आज हात टेबलावर आणि उद्या मांडीवर ठेवलात, तर काहीही न घडता तुमचं बीपी "वर-खाली" झालं.

खुर्चीत पाठ टेकून बसा. पाय जमिनीवर सपाट ठेवा, एकावर एक नकोत. घरात टेबल नसेल तर मांडीवर उशा रचून त्यावर हात ठेवा, पट्टा छातीच्या मध्याशी येईपर्यंत. आधी लघवीला जाऊन या. भरलेल्या मूत्राशयानेही आकडा चढतो. चहा, कॉफी, तंबाखू किंवा जिना-चालणं यानंतर निदान अर्धा तास जाऊ द्या. पाच मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे खरंच गप्प: फोन नाही, "मावशी, साखर आहे का" ला उत्तर नाही. बोलत बोलत मोजलं तर वरचा आकडा सहज १० ने वाढतो.

आणि बाही. साडीवरच्या ब्लाऊजची घट्ट बाही वर सरकवून तिच्याखाली पट्टा बांधलेला मी रोज पाहते. ती सरकवलेली बाहीच दंडाला आवळते. बाहीतून हात बाहेर काढा किंवा सैल कुर्ता घाला. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, आत दोन बोटं जेमतेम जातील इतका घट्ट.

दुसरी तपासणी: वही

आता तुमची वही उघडा आणि प्रत्येक आकड्यापुढे स्वतःला विचारा: हे मी का मोजलं होतं? "डोकं जड वाटलं म्हणून", "मुलाशी भांडण झालं म्हणून", "रात्री झोप येईना म्हणून" ही उत्तरं असतील, तर वहीत तुमचं बीपी नाही, तुमचे वाईट क्षण लिहिलेले आहेत. अशा वहीवरून कोणत्याही डॉक्टरला गोळी ठरवता येत नाही. काही जण आकडा जास्त आला की घाबरून दर पाच मिनिटांनी मोजत राहतात. धास्तीने तो अजून वर जातो आणि रात्र अशीच जाते.

पद्धत अशी ठेवा. सलग सात दिवस, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, दोन मोजण्यांत एक मिनिटाचं अंतर. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकी सगळ्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर ते वाढलेलं बीपी; दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ला आहे. पाहायची ती सरासरी, सातव्या दिवशीचा एकटा १५२ नाही.

सकाळचं मोजमाप उठल्यापासून तासाभरात, संडास-लघवी झाल्यावर, चहाच्या आणि बीपीच्या गोळीच्या आधी. गोळीच्या आधी का, तर कालच्या गोळीचा जोर आज सकाळपर्यंत पुरला की नाही ते यातूनच कळतं. पहाटेनंतरचे तास हार्ट अटॅक आणि पक्षाघाताच्या दृष्टीने दिवसातले जास्त धोक्याचे. नेमकं त्याच वेळी औषध ओसरलेलं असेल, तर डॉक्टरांना ते कळायलाच हवं.

मशीनची मेमरी हाही एक घोळ आहे. नवरा-बायको एकच मशीन वापरतात, मुलगा मेमरीतून आकडे उतरवून आणतो, आणि काकांचे १५४ काकूंच्या पानावर बसतात. बऱ्याच मशीनवर दोन माणसांसाठी वेगळी बटणं असतात. ती वापरा, नाहीतर मोजल्यावर लगेच हाताने लिहा.

तिसरी तपासणी: गोळीची पट्टी

बसणं सुधारलं, वही सुधारली आणि तरी आकडे उड्या मारतायत, तर गोळ्यांची पट्टी टेबलावर काढा. "वेळेवर घेता ना?" याला "हो" असंच उत्तर येतं, म्हणून मी विचारत नाही, मोजते. १ तारखेला रोज एक याप्रमाणे ३० गोळ्या आणल्या, तर २० तारखेच्या रात्री १० उरायला हव्यात. १४ उरल्या असतील तर चार दिवस गेले. यात रागवायचं काही नाही. कारणं माणसांचीच असतात आणि ती कळली की मार्ग निघतो.

सगळ्यात मोठं कारण: "आज नॉर्मल आलं, म्हणून घेतली नाही." काका, नॉर्मल आलं ते गोळीमुळे आलं. गोळी सोडली की दोन-चार दिवसांनी बीपी चढतं, घाबरून गोळी सुरू होते, ते उतरतं, पुन्हा बंद. वर-खाली होण्याचा हा कारखाना आपणच चालवत असतो. ॲम्लोडिपिनसारखी गोळी शरीरातून सावकाश जाते, तिचं प्रमाण निम्मं व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे एक दिवस चुकली तर लगेच काही जाणवत नाही, आणि "गोळीवाचूनही चालतंय" असा गैरसमज पक्का होतो. उलट ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल आणि विशेषतः क्लोनिडिन अचानक बंद केलं तर बीपी किंवा नाडी उसळी मारते. हृदयाचा त्रास असलेल्याला ते फार महागात पडतं.

दुसरं कारण उपवास. चतुर्थी, एकादशी, नवरात्र. "उपाशीपोटी गोळी नको" म्हणून ती राहते. बीपीच्या नेहमीच्या गोळ्या बहुतेक उपाशीपोटीही चालतात, तुमची चालते का ते एकदा डॉक्टरांना विचारून पट्टीवरच लिहून ठेवा. तिसरं कारण प्रवास: गावची जत्रा, लग्न, वारी, आणि गोळ्या घरी फडताळात. चौथं कारण पैसे, ते लोक संकोचाने सांगत नाहीत. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या मोफत मिळतात. देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. खाजगी डॉक्टरांकडचा कागद घेऊन तिथे जायला काहीच हरकत नाही.

चुकलेली गोळी भरून काढायला दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. आणि आकडा बघून स्वतः गोळी अर्धी किंवा दीड करू नका. ज्यांचं बीपी खरंच अस्थिर असतं, त्यांना हा प्रकार सगळ्यात जास्त नडतो.

चौथी तपासणी: पोटात अजून काय जातंय

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन. ती शरीरात मीठ-पाणी अडकवते आणि बीपीच्या काही गोळ्यांचा परिणामही कमी करते. गुडघा दुखला की बीपी वाढतं असं पेशंट सांगतात. वही आणि गोळ्या शेजारी ठेवल्या की बऱ्याचदा दिसतं की वाढ दुखण्यापेक्षा त्या गोळीच्या दिवसांशी जुळते. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन असतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. स्टेरॉइडने बीपी चढतं. घशासाठी रोज काढ्यात ज्येष्ठमध घालत असाल तर तेही सांगा. जास्त दिवस घेतल्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम घटतं.

मिश्री लावणाऱ्या बायका तिला तंबाखू समजतच नाहीत. "तंबाखू? छे, मी फक्त सकाळी मिश्री लावते." मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. सकाळी मिश्री लावून लगेच बीपी मोजलं, तर तो आकडा निकोटीनचा.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे सगळं मिळून साधारण एक छोटा चमचा. रोजच्या भाजीपेक्षा पापड, लोणचं, ठेचा, फरसाण आणि गॅस झाला की घेतलेला सोडा यांनी ते एकेका दिवशी दुप्पट होतं. दारूने त्या रात्री बीपी थोडं उतरतं आणि सकाळी चढतं. शनिवार-रविवारचे आकडे वेगळे दिसत असतील तर इथे पाहा.

पाचवी तपासणी: पट्टा आणि मशीन

इथून थोडा खर्च लागू शकतो. शिंप्याची टेप घ्या आणि खांदा व कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. मशीनसोबत येणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटरसाठी असतो, नेमका घेर पट्ट्यावर छापलेला असतो. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा फुगतो. २०२३ च्या एका चाचणीत, ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा लावल्यावर वरचं बीपी सरासरी जवळपास २० ने जास्त आलं. म्हणजे नुसत्या पट्ट्यापायी एखाद्याला जन्मभराची गोळी लागू शकते. मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो, तो घ्या.

मनगटाचं मशीन आणि घड्याळ यांवर गोळी ठरवू नका, दंडाचंच वापरा. डिजिटल मशीन पट्ट्यातल्या हवेचे बारीक हेलकावे पकडतं आणि त्यावरून दोन्ही आकडे काढतं. म्हणून हात थरथरला, मूठ आवळली किंवा मशीन कमजोर सेलवर चालत असलं की ते फसतं. आधी सेल बदला. मग मशीन घेऊन दवाखान्यात या. एकाच हातावर, मिनिट-दोन मिनिटांच्या अंतराने, आमचं आणि तुमचं आलटून-पालटून लावून पाहू. फरक ५ च्या आत असला तर निर्धास्त वापरा, सतत १० हून जास्त येत असला तर मशीन बदला. पाऱ्याचंच मशीन खरं हा हट्ट सोडायला हरकत नाही. पारा विषारी असल्याने जगभर ती उपकरणं हटवली जात आहेत, आणि प्रमाणित डिजिटल मशीन घरासाठी पुरेसं आहे.

सहावी तपासणी: नाडी, दोन हात, उभं राहणं

मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. ठोके कशाही अंतराने, बेताल पडत असतील तर मशीनचे आकडे वेगवेगळे येणारच, आणि तो मशीनचा दोष नाही. हृदयाचे वरचे कप्पे बेताल फडफडत असतील तर पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. त्याच आठवड्यात ईसीजी काढा.

दोन्ही हातांचं बीपी मोजा. वरच्या आकड्यात १० पेक्षा जास्त फरक पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना सांगा आणि यापुढे जास्त येणाऱ्या हातावरच मोजा. एकदा डावा, एकदा उजवा असं करणाऱ्यांचा अर्धा चढउतार इथेच मिटतो.

चक्कर येत असेल तर पाच मिनिटं आडवं पडून मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. जवळ कुणीतरी हवं. वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर ती नोंद महत्त्वाची. मधुमेही, वयस्कर, आणि लघवी जास्त करवणारी गोळी घेणारे यांच्यात हे जास्त दिसतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात घाम जाऊन तर फारच.

इथे थांबा, पुढचं काम डॉक्टरांचं

हे सगळं नीट करून आठवड्याची वही लिहिली, आणि तरी आकडे विखुरलेलेच आहेत किंवा सरासरी १३५/८५ च्या वर आहे, तर घरगुती शोध संपला. गरोदर बाईच्या बाबतीत तर इतकंही थांबायचं नाही; १४०/९० दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर.

ऑक्सफर्डचे मेंदूविकारतज्ज्ञ पीटर रॉथवेल यांनी २०१० साली दाखवून दिलं की, एका तपासणीपासून दुसऱ्या तपासणीपर्यंत ज्यांचं वरचं बीपी जास्त हेलकावतं, त्यांना पक्षाघाताचा धोका जास्त असतो, सरासरी सारखी असली तरीही. पुढच्या अभ्यासांत हृदयविकार आणि मृत्यूशीही असाच संबंध दिसला. तरुणपणी महाधमनी रबरासारखी ताणली जाते आणि प्रत्येक ठोक्याचा धक्का स्वतः झेलते. ती कडक झाली की तो धक्का थेट मेंदूच्या आणि किडनीच्या बारीक वाहिन्यांपर्यंत पोचतो. म्हणजे चढउतार हा कडक झालेल्या धमन्यांचा परिणाम असतो आणि पुढच्या नुकसानीचं कारणही. याचा अर्थ सरासरीकडे पाहू नका असा नाही. उपचार सरासरीवरच ठरतात, आणि वरचं बीपी १० ने उतरलं तर हृदय-रक्तवाहिन्यांच्या मोठ्या आजारांचा धोका सुमारे एक पंचमांशाने घटतो.

डॉक्टर आता काय पाहतील? किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवी, पोटॅशियम, ईसीजी. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेतला श्वास अडकण्याची तपासणी. डोकं दुखणं, दरदरून घाम आणि धडधड असे झटके एकत्र येत असतील तर ते आवर्जून सांगा, त्यामागे क्वचित मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची गाठ निघते. गोळीचा प्रकारही महत्त्वाचा आहे. रॉथवेल यांच्याच अभ्यासात ॲम्लोडिपिनवर असलेल्यांचं बीपी ॲटेनोलॉलवर असलेल्यांपेक्षा कमी हेलकावलं. हे वाचून गोळी बदलून मागू नका. तुम्हाला ॲटेनोलॉल हृदयाच्या दुसऱ्या कारणासाठीही दिलेली असू शकते.

बहुतेकदा २४ तासांचं बीपी मशीन लावतात. ते दिवसा दर १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्रीही ठरावीक वेळाने आपोआप मोजतं. झोपेत बीपी उतरतं की नाही हे दुसऱ्या कशातूनही इतकं नीट कळत नाही. पट्टा फुगायला लागला की असाल तिथे थांबा आणि हात सरळ, सैल सोडा. त्या दिवशी आंघोळ नाही. बाकी रोजची कामं करा, गोळ्या नेहमीच्या वेळी घ्या. झोपल्याची, उठल्याची आणि गोळी घेतल्याची वेळ कागदावर लिहा. मशीन काढायला याल तेव्हा तो कागद, सात दिवसांची वही आणि उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत आणा.